खमीस उस्तादांचे थांबे

खमीस उस्तादांकडे गाडी शिकायला आलेल्या प्रत्येकाचे पहिले काही आठवडे एकाच गैरसमजात जायचे. हा माणूस भलताच देवभक्त आहे, असं वाटायचं. ओमानमधल्या सीबच्या जुन्या बाजारातून निघून जरा मोठ्या रस्त्याला लागलो की पहिली मशीद यायची आणि उस्ताद म्हणायचे, "इधर लेफ्ट. पहले इंडिकेटर, बाद में लेफ्ट." गाडी भिंतीच्या सावलीत उभी करायला लावून ते उतरायचे, पायघोळ ओमानी झगा, म्हणजे दिशदाशा, सावरत मशिदीच्या मागच्या बाजूला जायचे आणि थोड्या वेळाने ओल्या हातांनी परत यायचे. नमाजाची वेळ असो वा नसो. एका धड्यात दोन मशिदी ठरलेल्या, थंडीत तीन. माझ्याआधी त्यांच्याकडे शिकून गेलेल्या एका मल्याळी सहकाऱ्याने मला बजावून ठेवलं होतं की उस्तादांसमोर चुकूनही शिवी काढू नकोस, फार पाक माणूस आहे. मी इतका भारावलो की लांज्याला बायकोला फोनवर हे सगळं वर्णन करून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "आणि तुम्ही तिथे संध्याकाळी देवापुढे दिवा तरी लावता का?" त्यानंतर हा विषय मी घरी काढला नाही.

मशिदीच्या मागच्या बाजूला काय असतं, हे ओमानमध्ये राहणाऱ्या कोणालाही माहीत असतं. हातपाय धुवायचे नळ आणि त्यांना लागून स्वच्छतागृहं. रस्त्यावरच्या माणसाची अडचण भागवणारी भरवशाची जागा तीच. तरी उस्तादांचे थांबे कशासाठी आहेत हे मला बरेच दिवस कळलं नाही. आणि मी कोण, तर सीबच्या एका पॉलिक्लिनिकमधला लॅब टेक्निशियन. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्या आणि लघवीच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवणारा माणूस. ज्याला कळायला हवं होतं तोच श्रद्धेने मागे टेकून बसला होता.

उस्ताद दिसायला रुबाबदार होते. उंच, काळेभोर, पाठ अशी ताठ की बसले तरी उभे वाटावेत. दिशदाशाला कायम कडक इस्त्री. डोक्यावर भरतकाम केलेली गोल ओमानी टोपी, तिला कुम्मा म्हणतात, आणि ती त्यांनी स्वतः भरलेली असायची. हे त्यांचं वेड होतं. विद्यार्थी ड्रमच्या परीक्षेचा सराव करायला लागला, म्हणजे रिकाम्या पिंपांच्या मधून गाडी उलटी घालायला लागला, की उस्ताद बाभळीखाली घडीच्या खुर्चीवर बसून सुई-दोरा काढायचे. मान वर करायचे नाहीत. पिंपाला गाडी लागल्याचा आवाज आला की सुई न थांबवता म्हणायचे, "फिर से." बस्स. चिडणं नाही, उपदेश नाही. मी इतक्या वेळा पिंपं पाडली की माझ्या वेळेत त्यांची एक अख्खी टोपी पुरी झाली असावी.

नवीन आलेला भारतीय विद्यार्थी त्यांच्याकडे दोन-तीनदा चोरून बघायचा आणि मग न राहवून विचारायचाच, की तुम्ही ओमानीच का? उस्तादांना हा प्रश्न पाठ होता आणि उत्तरही. "बाप अरब, माँ आफ्रिका, मैं सीब. अब गियर डालो." त्यांचा जन्म झांझिबारचा. आजोबा ओमानहून तिकडे गेले होते. वडिलांनी तिथल्याच, मुख्य भूमीवरून आलेल्या बाईशी लग्न केलं. पुढे मुलं मिसरूड फुटायच्या वयाची असताना थोरल्या दोघांना आणि धाकट्याला नातेवाइकांबरोबर ओमानला पाठवून दिलं, आणि वडील स्वतः शेवटपर्यंत तिथेच राहिले. उस्तादांची आपसातली भाषा स्वाहिली होती, कागदावरची अरबी आणि गाडीतली हिंदी. ही हिंदी त्यांनी आमच्यासारख्या पिंपं पाडणाऱ्यांकडूनच उचलली होती, त्यामुळे तिला व्याकरण नव्हतं, पण तिच्यावाचून कोणाचं अडलंही नाही. "पोले पोले" मात्र ते स्वाहिलीतच म्हणायचे. म्हणजे हळूहळू.

एकदा बरकाच्या रस्त्यावर एक ट्रेलर माझ्या मागे लागला. हॉर्नवर हॉर्न. मी इतका घाबरलो की ब्रेक आणि अॅक्सिलरेटर दोन्ही विसरलो. उस्तादांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक असायचा, तो त्यांनी अलगद दाबला, गाडी कडेला घ्यायला लावली आणि मला स्टिअरिंगवरून हात काढायला सांगितलं. मग मागच्या सीटवरून एक डबा काढून माझ्यापुढे धरला. त्यात मंडाझी होत्या. नारळाच्या दुधात भिजवलेल्या, वेलचीच्या वासाच्या, तळून फुगलेल्या गोड पुऱ्या. आमच्या घारग्यांची कोणी लांबची बहीण असावी अशा. गाड्या सूं-सूं जात होत्या आणि आम्ही दोघं मंडाझी खात बसलो होतो. तीन-चार संपल्यावर ते म्हणाले, "रोड तुम्हारा बाप का नहीं. ट्रेलर का बाप का भी नहीं. चलो."

मंडाझी कोणी केल्या, असं विचारलं, तर ते म्हणाले, मीच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन मुली, एक सलालाला दिली, एक सोहारला. घर समुद्राजवळ, मोठं, खजुराच्या दोन झाडांचं, आणि त्यात हे एकटे. नारळ खवायला त्यांच्याकडे झांझिबारची लाकडी खवणी होती, आडव्या पाटाची, पुढे दातेरी पातं असलेली. ती पाहून मी चाटच पडलो, कारण माझ्या आजीची खवणी थेट तशीच होती. मी तसं म्हणालो तेव्हा त्यांना फार आनंद झाला आणि त्यांनी मला एक अख्खा नारळ खवायला लावला.

त्यांच्या एकटेपणाचा एक हिशोब होता आणि तो मला हळूहळू कळला. विद्यार्थी नापास झाला की उस्ताद खूश असायचे. तोंडावर नाही, पण असायचे. नापास झालेला परत येतो, पुन्हा शेजारी बसतो, घरच्या गोष्टी सांगतो. पास झालेला हात मिळवतो, थँक्यू म्हणतो आणि जातो, तो रस्त्यात समोरून गेला तरी काच खाली करत नाही. सकाळी सात ते रात्री आठपर्यंत ते धडे घ्यायचे. मी एकदा म्हटलं, उस्ताद, आता थोडं कमी करा, वय झालं. त्यावर ते म्हणाले, घरी काय आहे? टीव्ही. आणि टीव्ही चुकीचा गेला तर त्याला ब्रेक लावता येत नाही. बोलून ते हसले आणि मीही हसलो, पण माझी स्वतःची खोलीही तशीच होती. सीबमध्ये मी एका बेडरूमच्या घरात राहत होतो आणि टीव्ही माझ्याकडेही होता.

पुढचा प्रसंग हिवाळ्यातला. संध्याकाळची वेळ, हायवेवर पुढे कुठेतरी अपघात झालेला, गाड्यांची रांग जागची हलत नव्हती. पुढे वळण नाही, मागे जाता येत नाही. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की उस्ताद बोलायचे थांबले आहेत. एसी चालू असताना त्यांच्या कपाळावर घाम होता आणि दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते. मी विचारलं, बरं वाटत नाही का? त्यांनी सीटबेल्ट काढला. मग दार उघडलं, उतरले, कठडा ओलांडून वाळूत गेले आणि रस्त्याकडे पाठ करून खाली बसले. शेकडो गाड्यांच्या दिव्यांसमोर. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दिशदाशाला सुरकुती पडू दिली नाही, तो माणूस. मागच्या गाडीतल्या कोणीतरी हॉर्न वाजवला. मला त्या हॉर्नवाल्याला खाली ओढून मारावंसं वाटलं.

ते परत येऊन बसले तेव्हा मी पुढेच बघत होतो. पण माझं धंद्याचं तोंड गप्प राहीना. हे किती दिवसांपासून आहे, रात्री किती वेळा उठता, शुगर बघितली का, असं मी विचारत सुटलो आणि शेवटी विचारलं, घरात कोणाला असा त्रास होता का? तोपर्यंत त्यांनी हूं हूं केलं होतं. या प्रश्नाला मात्र त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मिरर देखो," ते म्हणाले. "मेरे को मत देखो."

त्या दिवशी मला मशिदींचा उलगडा झाला. त्यानंतरच्या धड्यांत थांबे तसेच येत राहिले, मी काही बोललो नाही, आणि पुढच्या परीक्षेत मी चक्क पास झालो. उस्तादांनी हात मिळवला. "खलास," म्हणाले, आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला हाक मारली. मला वाटलं, आपण आता त्या काच खाली न करणाऱ्यांत जमा झालो.

पण एका शनिवारी दुपारी, क्लिनिकमध्ये चिटपाखरू नसताना, ते माझ्या खिडकीसमोर येऊन उभे राहिले. शुगर बघायची आहे, म्हणाले. मी खुर्चीत बसवलं, बाही वर केली, दंडाला पट्टा बांधला. तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या हाताने माझा हात धरला आणि थांब म्हणाले. आणि मग त्या खुर्चीत, पट्टा बांधलेल्या हाताने, त्यांनी मला सालेहची गोष्ट सांगितली.

सालेह त्यांचा थोरला भाऊ. त्याची कंबर दुखायला लागली. बाम झाला, मालीश झालं, तापल्या सळईने डाग देणारा म्हातारा वैदू झाला. डॉक्टरकडे गेले तेव्हा कळलं की आजार प्रोस्टेटचा आहे, कॅन्सर आहे आणि हाडांत पोचला आहे. सालेहने उस्तादांकडून वचन घेतलं की हे कोणाला सांगायचं नाही. त्यांच्या लोकांत या आजाराचं नावच घेत नाहीत, 'तो आजार' म्हणतात. त्यातून हा असल्या जागेचा, पुरुषाच्या लाजेचा. सगळ्यात धाकटा राशिद इब्रीला दुकान चालवायचा. तो रोज फोन करून विचारायचा आणि उस्ताद रोज सांगायचे, कंबर आहे रे, बरी होते आहे, तू दुकान बघ. सालेह गेला त्या दिवशी राशिदला निरोप पोचला. इब्रीहून सीबपर्यंत तीन तास. तिकडे दफन लांबवत नाहीत. तो पोचला तेव्हा मातीवर पाणी शिंपडून झालं होतं. शोकाचे तीन दिवस तो रीतीप्रमाणे उस्तादांच्या शेजारी बसला, येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेतला, पण भावाशी एक शब्द बोलला नाही. त्यानंतर कधीच नाही.

"मेरा बाप उधर झांझिबार में कमर से मर गया," उस्ताद म्हणाले. "सालेह कमर से. डॉक्टर, हमारा घर में सबका कमर क्यों खराब है?"

ते मला डॉक्टरच म्हणायचे, मी डॉक्टर नाही हे चांगलं माहीत असूनही. मी पट्टा सोडला आणि त्यांना डॉ. तारिककडे घेऊन गेलो. डॉ. तारिक सुदानचे, आमच्या क्लिनिकचे मोठे डॉक्टर, उस्तादांइतकेच काळे आणि त्यांच्याहून बडबडे. त्या दोघांचं अरबीत झालेलं बोलणं मला बरंचसं कळलं. डॉक्टर म्हणाले, वारंवार जावं लागतं ते बहुतेकदा साध्या सुजेचंच असतं, वय झालं की प्रोस्टेटची ग्रंथी वाढतेच, तेवढ्याने घाबरू नका. पण हा कॅन्सर सुरुवातीला काहीच दाखवत नाही. आणि आपल्या लोकांत, आफ्रिकेचं रक्त असलेल्या पुरुषांत, तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, लवकर येतो. त्यात बाप गेला, भाऊ गेला. तुम्ही चाळिशीतच येऊन बोलायला हवं होतं. उस्ताद जरा ताठरले. आमचा कबिला अरब आहे, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, तुमचा कबिला मी खोडून काढत नाही, पण तुमची आई कुठली? उस्तादांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग त्यांनी आईच्या जमातीचं नाव सांगितलं, आणि ज्या आवाजात सांगितलं त्यावरून वाटलं की फार वर्षांत ते त्यांनी उच्चारलं नसावं.

त्यांना खरी धास्ती वेगळीच होती, ती नंतर बाहेर आली. डॉक्टर बोटाने तपासतात असं त्यांनी ऐकलं होतं. डॉ. तारिक खो-खो हसले. आधी नुसतं रक्त, म्हणाले, मी स्वतः दरवर्षी देतो, विचारा या माणसाला. मी मान डोलावली. उस्ताद परत माझ्या खुर्चीत येऊन बसले, हात पुढे केला आणि छताकडे बघत राहिले.

प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा इतका वर आला की मी यंत्राला दोष दिला आणि तोच नमुना पुन्हा लावला. यंत्राचं बरोबर होतं. हा आकडा वाढायला दुसरीही कारणं असतात, एवढ्यावरून काही ठरत नाही, हे मी शेकडो जणांना सांगितलं असेन, त्यांनाही सांगितलं. पुढे मोठ्या हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाले, तुकडा काढून तपासला, आणि ठरलं. कंबरेच्या हाडापर्यंत गेलं होतं. आवर घालता येईल, बरं करता येणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि इंजेक्शनं सुरू केली. मला फार वाईट वाटलं. सालेह गेला त्याच सुमाराला हा माणूस माझ्या खुर्चीत येऊन बसला असता तर, हा विचार पुष्कळ दिवस डोक्यातून जाईना.

उस्तादांनी मात्र एक गोष्ट अशी केली की मी थक्क झालो. ते आजाराचं नाव घेऊन बोलायला लागले. सीबच्या किनाऱ्यावर झांझिबारकडचे म्हातारे संध्याकाळी बाओ खेळायला जमतात. लाकडी पाटावर खळगे असतात, त्यांत बिया टाकत जायचा खेळ. उस्ताद तिथे अनेक वर्षांचे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी बिया हातात घेऊन सांगून टाकलं, मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, सालेहलाही तोच होता, तुम्ही सगळे रक्त तपासून घ्या, तुमच्या मुलांना पाठवा. एकाने अल्लाची प्रार्थना पुटपुटली, दुसऱ्याने विषय हवेवर नेला. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते बसले त्या बाकावर त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही. जणू नाव घेतल्याने आजार उडून अंगावर येतो. मी सुट्टीच्या दिवशी त्यांना भेटायला जायला लागलो होतो, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. चार म्हातारे पाटाभोवती, आणि हे थोडं अलीकडे, टोपी भरत बसलेले. धडेही आता बंद झाले होते. एवढा वेळ त्यांना टोपी भरताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

आणि इथे माझी अडचण होती. ते म्हातारे क्लिनिकमध्ये येत होते. एक-एक करून, दुपारच्या वेळी, शुगरचं निमित्त काढून. दार लावून घ्यायला सांगायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, ती दुसरीही तपासणी करा, ती खमीसवाली. एक जण तर आपल्या दोन्ही मुलांना घेऊन आला होता. त्यांच्यातल्या एकाचं वेळेवर सापडलं. पण कोण आलं, कोण नाही, हे बाहेर बोलायचं नाही हा आमच्या कामाचा नियम आहे आणि तो मोडता येत नाही. उस्ताद मला म्हणायचे, कोणी ऐकत नाही, डॉक्टर, मी भिंतीशी बोलतो. आणि मी त्यांच्या शेजारी बसून समुद्राकडे बघायचो. इतकं एकटं मला घर सोडून आलो तेव्हाही वाटलं नव्हतं. मग त्यांना काय वाटत असेल, याची मी कल्पनाही करू धजत नसे.

म्हाताऱ्यांचं काही का होईना, उस्तादांचा जीव अडकला होता तो राशिदमध्ये. त्यांना भाऊ असा तोच एक उरला होता आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. राशिद फोन घ्यायचा नाही. उस्ताद त्याला व्हॉट्सअॅपवर आवाजाचे निरोप पाठवायचे, लांबलचक, स्वाहिलीत. समोरच्याने ऐकला की त्या निरोपाजवळचं छोटं चिन्ह निळं होतं. ते मला फोन दाखवून विचारायचे, निळं झालं का बघ, माझे डोळे नीट काम देत नाहीत. डोळे चांगले होते. निळं झालेलं नव्हतं. मी म्हटलं, लिहून पाठवा ना, वाचेल तरी. त्यावर त्यांनी ठाम मान हलवली.

"मुँह से छुपाया," ते म्हणाले. "मुँह से बोलेगा."

तर असा मी त्यांना इब्रीला घेऊन गेलो. माझी सेकंडहँड छोटी गाडी, लायसन्स मिळाल्यावर एवढा लांबचा माझा पहिलाच प्रवास. ते शेजारी, पाठीशी दोन उशा. कंबर आणि मान इतकी आखडली होती की त्यांना वळून मागे बघता येत नव्हतं. फंजा गेलं, निझवा गेलं, बहलाचा किल्ला गेला. दुखत असणार, पण तोंडातून हूं की चूं नाही. मी नव्वदच्या वर गेलो की मात्र त्यांच्या तोंडून "पोले पोले" निघायचं.

राशिदचं दुकान इब्रीच्या बाजारात, दोरखंड, ताडपत्र्या, पाण्याचे कॅन असल्या वस्तूंचं. उस्ताद काठी टेकत आत गेले, मी दारात थांबलो. राशिद उठून उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेला, उस्तादांचीच उंची, तीच ताठ पाठ. थोरला भाऊ दारात आल्यावर पाठ फिरवण्याची रीत त्यांच्यात नाही. त्याने हात मिळवला, नाकाला नाक लावलं, कसे आहात, घरचे कसे आहेत, काय बातमी, हे सगळं ओमानी पद्धतीने दोन-दोनदा विचारून झालं, खजुराची ताटली पुढे आली, कॉफीचा छोटा पेला भरला गेला. पण या सगळ्या वेळात त्याची नजर एकदाही पेल्यावरून वर गेली नाही. रीत पुरी झाली.

मग उस्ताद स्वाहिलीत बोलायला लागले. मला ती भाषा येत नाही. पण मधूनमधून नावं येत होती, आणि नावाच्या मागे प्रत्येक वेळी एकच अरबी शब्द, स्वच्छ उच्चारलेला. बाबा, सरतान. सालेह, सरतान. खमीस, सरतान. सरतान म्हणजे कॅन्सर. मग राशिद असं नाव आलं आणि त्याच्यापुढे ते थांबले. थोड्या वेळाने पुढे जे बोलले त्यात डॉ. तारिकचं नाव होतं आणि हाताने दाखवलेला रस्ता होता, तेव्हा मला कळलं की ते पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्याबद्दल सांगत आहेत. तिथे डॉ. तारिकनी आधी फोन करून ठेवला होता. शेवटी त्यांनी सालेहचं नाव पुन्हा एकदा घेतलं आणि दोन्ही हात जोडल्यासारखे छातीशी धरले. माफीला भाषा लागत नाही.

राशिदने पेला पुन्हा भरायला किटली उचलली. उस्तादांनी आपला पेला हलवून दाखवला, म्हणजे पुरे, आणि ते उठले.

गाडीत येऊन बसल्यावर मी किल्ली लावली, तर त्यांनी हात आडवा केला. आम्ही दुकानाच्या पुढे थोड्या अंतरावर, दुकानाकडे पाठ करून उभे होतो. दुपारची अजान झाली. बाजार बंद व्हायला लागला. मला आरशात दिसलं, राशिदने शटर ओढलं, क्षणभर तिथेच उभा राहिला आणि मग मशिदीच्या उलट दिशेला, पलीकडच्या गल्लीकडे चालू लागला. मी सांगितलं. उस्ताद म्हणाले, पाठीमागे जाऊ नकोस. आम्ही बसून राहिलो. गाडी तापत होती. मी विचारलं, पाणी देऊ का, तर नको म्हणाले. त्यांना वळून बघता येत नव्हतं, म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

बऱ्याच वेळाने राशिद परत आला. एका हाताची बाही कोपरापर्यंत सरकवलेली आणि तो हात कोपरात दुमडून छातीशी धरलेला. रक्त दिल्यावर कापूस दाबून धरायचं हे दुमडणं मी रोज बघतो, लांबूनही ओळखतो. तो दुकानाशी आला. आमची गाडी त्याला दिसत होती, न दिसायला ती काही लहान वस्तू नव्हे. त्याने मोकळ्या हाताने शटर वर केलं आणि आत गेला. त्याचा रिपोर्ट काय आला हे मला आजही माहीत नाही, ती लॅब माझी नव्हती. उस्ताद त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत आणि त्यांचं माझ्या मनात राहिलेलं शेवटचं दर्शन त्या गाडीतलंच आहे.

"आया?" त्यांनी विचारलं.

"आया, उस्ताद."

"हाथ में कपास है?"

"है."

त्यांनी सुस्कारा टाकला. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता विचारलं, "मेरा तरफ देखा?"

होय म्हणणं अगदी सोपं होतं, त्यांना वळून खात्री करता येणार नव्हती. पण त्या घरात लपवालपवी पुरेशी झाली होती. मी नाही म्हणालो.

उस्तादांनी मान हलवली. "कोई बात नहीं," ते म्हणाले. "कपास है." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, तेव्हा मी गाडी चालू केली.